दगड बरोबर जागेवर होता

"साहेब, तो अर्ज फाडून टाका. म्हातारं पागल झालंय."

माझ्या टेबलासमोर पंचेचाळिशीचा एक माणूस उभा होता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी मान वर केली नाही. एप्रिल चालू होता आणि एप्रिल म्हणजे आमचा सीझन. शेतं मोकळी होतात आणि मोकळ्या शेतात माणसाला शेजाऱ्याचा बांध दिसायला लागतो. टेबलावर अर्जांचा ढीग आणि डोक्यावर आवाजापुरता फिरणारा पंखा.

"अर्ज कुणाचा?"

"माझ्या बापाचा. मल्हारी त्यांचं नाव. मी दत्ता, त्यांचा पोरगा."

"मग रद्द करायला त्यांनाच यावं लागंल."

"ते कुठून येतेत? बाजंवरून उठता येईना त्यांना. पोटात गाठ हाय. जालन्याच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. आंब्याचा सीझन बघितला तर नशीब म्हणला."

"मग अर्ज कुणी दिला?"

"तेच तर! मी कापसाच्या पळाट्या उपटायला गेल्तो. तेवढ्यात भावकीतल्या एकाला धरलं आन अंगठा मारून पाठवून दिला. आन तो बी अतितातडीचा!"

आता मी मान वर केली. इथं थोडं आमच्या धंद्याचं सांगतो. मी भूकरमापक होतो, म्हणजे सरकारी मोजणीदार. तुमच्या शेताची हद्द कुठून कुठं जाते हे कागदावरून काढून जमिनीवर दाखवायचं, एवढंच काम. मोजणीचे तीन प्रकार: साधी, तातडी आणि अतितातडी. अतितातडीचा अर्ज सहसा प्लॉट पाडणारा करतो, नाहीतर कोर्टात डोकं फोडून घेतलेला. मरायला टेकलेला म्हातारा करत नाही.

मी आत साहेबांकडं गेलो. साहेब माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. परीक्षा देऊन आलेला, पण पोरगा चांगला. मला काका म्हणायचा.

"काका, अर्जदार जिवंत आहे ना?"

"आहे म्हणतात."

"मग मुलाच्या सांगण्यावरून कसा रद्द करायचा? तुमच्या वाटेवरच गाव आहे. जाता जाता बघून या. त्यांची इच्छा असेल तर तारीख लावा."

मी वडीगोद्रीला राहायचो. रिटायर व्हायला आठ महिने राहिलेले, गुडघा दुखायला लागलेला, आणि त्यात ही वाट वाकडी करून म्हाताऱ्याला बघायला जायची. मनातल्या मनात साहेबाला दोन शिव्या दिल्या आणि गेलो.

अंगणात लिंबाखाली बाज होती. बाजेवर मल्हारीबाबा. उंचापुरा माणूस असणार एके काळी. आता नुसता सांगाडा, डोळे पिवळे आणि डोक्याला मात्र लाल पटका नीट बांधलेला. एवढ्या उन्हात पायावर काळी घोंगडी. घरची मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती म्हणे. घोंगडी तेवढी राहिली.

"मोजणीवाले का? या. दत्ता, साहेबाला पाणी दे."

पाणी प्यालो. नेहमीचा प्रश्न विचारला. "शेजाऱ्यानं बांध कोरला का, बाबा?" बांध कोरणं म्हणजे दर साली नांगरताना एखादं तास, म्हणजे नांगराची एक ओळ, शेजाऱ्याच्या बाजूला सरकवायचं. दहा वर्षांत बांधाची पायवाट होते आणि पायवाटेची भांडणं.

"न्हाई," बाबा म्हणाले. "त्यानं न्हाई खाल्लं. मी खाल्लंय त्याचं."

तेहेतीस वर्षं मी मोजणी केली. माणूस अर्ज करतो तो जमीन मिळवायला करतो. फार तर आहे ती वाचवायला. जमीन घालवायला अर्ज केलेला माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता. मला वाटलं दत्ता म्हणतो तेच खरं, म्हातारं भ्रमिष्ट झालंय.

पण बोलणं बिलकुल जागेवर होतं. दम लागत होता म्हणून थांबून थांबून बोलत होते, पण सांगितलं सगळं ओळीनं.

"बहात्तरचा दुष्काळ झाला, त्याच्या पुढल्या सालची गोष्ट. दुष्काळात निम्मी मेंढरं मेल्ती माझी. आमच्या आन रामभाऊच्या बांधावर एक बाभूळ होती. दगडाच्या पल्याड, त्याच्या बाजूला. बाभळीच्या शेंगा म्हंजी मेंढराला पेंडच की. रोज बघायचो, शेंगा त्याच्यात पडून राह्यल्या. मागितल्या असत्या तर दिल्या असत्या त्यानं. दोस्त होता माझा. एका ताटात जेवायचो. पण मला मागायची लाज वाटली. आन चोरायची न्हाई वाटली, बघा."

"मग?"

"शहागडच्या बाजाराचा दिस होता. गाव सगळं बाजाराला गेल्तं. भर दुपारी पहार घेऊन गेलो, हद्दीचा दगड उपसला आन आठ फूट पल्याड रोवला. बाभूळ माझ्यात आली."

रामभाऊच्या ते लक्षात येणारच. त्यानं आरडाओरडा केला. गाव खंडोबाच्या देवळात बसलं. रामभाऊ म्हणाला, ह्यानं दगड हालवला. मल्हारी म्हणाला, न्हाई हालवला. बघितलेलं कुणी नव्हतं. मग जाणत्यांनी शेवटचं सांगितलं: बेलभंडारा उचल.

बेलभंडारा म्हणजे देवापुढचं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा. ते हातात घेऊन माणूस बोलला की त्यापुढं विषय नाही. आमच्या भागात ही शपथ कोर्टाच्या वरची.

"उचलला?" मी विचारलं.

"उचलला की. हात बी कापला न्हाई माझा."

मग रामभाऊनं मोजणी का मागितली नाही, हे मला विचारायचं होतं. पण विचारायची गरज पडली नाही. गावानं बेलभंडाऱ्यावर निकाल दिला, त्यानंतर अंबडला आमच्या ऑफिसात जाऊन सरकारी माणूस बोलावणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं. ते रामभाऊला जमलं नाही. तो गप बसला. आणि गावानं त्याचं नाव ठेवलं, दगड्या. खोटा दगड सांगणारा म्हणून दगड्या. पुढं पोरंसोरं त्याच नावानं हाका मारायला लागली. दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. बारा वर्षांपूर्वी रामभाऊ दगड्या म्हणूनच वारला.

"आणि बाभूळ?"

"चार वर्सांत वाळली," बाबा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला. दत्तानं पाठीवरून हात फिरवला.

"आता काय पाहिजे तुम्हाला?"

"मोजा. त्याचं जे माझ्याकडं आलंय ते त्याच्या बायकोला कागदावर द्या. डोळे मिटायच्या आत. बास."

दत्ता इतका वेळ दम धरून होता. "साहेब, आठ फुटाचं मला कायबी न्हाई. घेऊन जाऊ द्या. पण माझ्या पोरीला बघायला पाव्हणे येऊन राह्यलेत. आन हा माणूस गावभर सांगणार, मी चोर होतो, देवापुढं खोटं बोललो! कोण करंल मंग सोयरीक?"

बाबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. "माझ्या पोटातली गाठ डॉक्टरला आत्ता दिसली, दत्ता. मी ती पन्नास साल घेऊन फिरलोय. तू गप बस."

मी अर्जावर परत अंगठा घेतला आणि तारीख लावली.

मोजणीच्या आधी लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस द्यावी लागते. वेळ कमी होता, म्हणून मीच हातोहात घेऊन गेलो. नोटिशीवर नाव गयाबाई रामभाऊ. पारावरच्या दुकानात विचारलं, गयाबाई रामभाऊ कुठं राहतात? दुकानदार विचारात पडला. दोन गिऱ्हाइकं विचारात पडली. मग एकाची ट्यूब पेटली.

"हात्तिच्या! दगड्याची बायको व्हय? असं म्हणा की. मागल्या गल्लीत, शेवटचं घर."

गयाबाई पंच्याहत्तरीच्या. अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. पोरं चाकणला कंपनीत, त्या एकट्याच. नोटीस वाचून दाखवली. मल्हारीचं नाव आलं तसं सूप खाली ठेवलं.

"आता काय मोजायचं राह्यलंय त्याला?"

मी सरकारी माणूस. एका पार्टीचं दुसऱ्या पार्टीला सांगायचं नाही, हा नियम. मी म्हणालो, "ते मोजणीच्या दिवशी कळेल, मावशी."

बाई हुशार. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "मरायला टेकलाय म्हणे. मंग समजलं मला. साहेब, त्याला म्हणावं जमीन नको आम्हाला. माझ्या पोरीच्या लग्नात वरातीतल्या लोकांनी विचारलं, दगड्याची पोरगी ती हीच का. ती बोहल्यावर रडली. ते देता येतं का परत, विचारा त्याला. आन खरंच काय ठेवायचं असंल तर जिथनं बेलभंडारा उचलला तिथं जाऊन ठेव म्हणावं. माझ्या दारात यायचं काम न्हाई."

त्यांनी सही केली. मी निघालो. नियम नियमाच्या जागी ठेवला आणि वाटेवर थांबून हा निरोप बाबांना सांगितला.

"बराबर बोलली वैनी," बाबा म्हणाले. "मोजणी झाली की मला देवळात न्या."

मोजणीच्या दिवशी सकाळी आठला मी शेतात. दत्तानं बापाला टेम्पोत बाजेसकट घालून आणलं होतं. दत्ताचं तोंड एवढंसं झालेलं, पण आणलं होतं. अर्धं गाव जमलं. मोजणी म्हणजे आमच्याकडं फुकटचा तमाशा असतो. गयाबाई पदर डोक्यावर घेऊन लांब, आपल्या बांधावर बसल्या.

बाबांनी बाजेवरूनच बोट दाखवलं. "हा दगड आत्ता हाय तो. आन ती खुंटावाणी दिसतीय तिथं बाभूळ होती. तिच्या अलीकडं, ह्या बाजूला, आधी दगड होता."

मी रोव्हर लावला. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला एक डबा. तो उपग्रहांवरून जागा पकडतो आणि कुठं उभा आहे ते बोटभराच्या फरकानं सांगतो. पूर्वी आम्ही साखळी ओढायचो. पण मशीन नुसतं जागा सांगतं. हद्द कुठं ते जुन्या कागदातून काढावं लागतं. निजामाच्या काळात पहिली मोजणी झाली, तेव्हा शेताची लांबी-रुंदी लिहून ठेवलेली असते. त्याला टिपण म्हणतात. मी शिवेवरचे दोन जुने दगड पकडले, तीन शेतांच्या कोपऱ्यावरचा एक पकडला, आणि टिपणावरून हद्द काढली.

मशीनवर आकडा आला. मला तो पटला नाही. परत केलं. तोच आकडा. मग मी गुडघ्याला शिव्या देत तिसऱ्यांदा तिन्ही दगडांवर जाऊन आलो.

टिपणाप्रमाणे हद्द जिथं पाहिजे, तिथंच आत्ताचा दगड होता. नऊ सेंटिमीटरचा फरक. साखळीच्या जुन्या मोजणीत नऊ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. मल्हारीनं चोरून हालवलेला दगड बरोबर जागेवर होता. चूक होता तो आधीचा.

मी बाजेजवळ जाऊन वाकलो. "बाबा, दुष्काळात ह्या बांधावर काही काम झालं होतं का?"

"झाल्तं की. सरकारनं बांध घालायचं काम काढल्तं. बाया-माणसं रोजानं माती टाकायची. तवा दगड निघाल्ता आन मुकादमानं परत रोवल्ता म्हणे. मी मेंढरामागं होतो गोदागंगेच्या पल्याड. शेत बाप बघायचा."

झालं. मुकादमानं अंदाजानं रोवलेला. आठ फूट चुकलेला. जुना बांध नव्या मातीखाली गेलेला, खूण राहिली नव्हती, म्हणून दोन्ही घरांना वाटलं दगड जुन्याच जागी आहे. रामभाऊनं त्या साली मोजणी मागितली असती, तर रामभाऊ हरला असता.

मी बाबांना हळू आवाजात सांगितलं. फक्त बाबा आणि दत्ता ऐकत होते. दत्ताचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "बापू! अवो बापू, आपलंच होतं! बाभूळ बी आपलीच! उगंच जीव जाळला तुम्ही!" तो लोकांकडं वळून ओरडणार, तेवढ्यात बाबांनी त्याचं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"गप."

खरं सांगतो, मलाही आनंद झाला होता. मरणाऱ्या माणसाला एवढी चांगली बातमी द्यायची पाळी मोजणीवाल्यावर कधी येते? मी म्हणालो, "बाबा, सुटलात तुम्ही. चोरी झालीच नाही. दगड बरोबर जागेवर आहे."

बाबांच्या पिवळ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सुटल्याचं नव्हतं.

"दगड असंल जाग्यावर, साहेब. मी कुठं होतो? मी उपसला तवा मला काय ठावं होतं, ही माझी जागा हाय म्हणून? मी त्याची समजूनच घेतली की. आन देवापुढं म्हणलो, हालवला न्हाई. हालवला होता ना?"

मी रोव्हरची काठी जमिनीवरून उचलली.

"तुम्ही हे आत्ता सांगू नका," बाबा म्हणाले. "तुमच्या मशीनचं आधी कळलं तर लोक म्हणतील, मल्हारीचंच खरं निघालं. मंग मी काय बी बोललो तरी त्याला काय किंमत? आधी मी बोलतो. देवळात. मंग तुम्ही सांगा. तेवढं करा माझ्यासाठी."

नियम असा आहे की हद्द जागेवर दाखवायची, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या आणि निघायचं. माणसाच्या हातात आयती सुटका आली होती, सरकारी शिक्क्याची. घेतली असती तर कुणाला काही कळलं नसतं. डॉक्टरनं महिना दिलेला. आणि हा माणूस ती सुटका बाजूला ठेव म्हणत होता, तासाभरासाठी का होईना, म्हणजे तोंडानं बोलायची लाज त्याला पुरी भोगता येईल. मी आयुष्यभर माणसांना इंच-इंच भांडताना बघितलं. असं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काका, झालं का? शहागडची साइट वाट बघतेय."

"नाही साहेब. रोव्हर फिक्स होईना. सिग्नलच नाही." आभाळ निरभ्र होतं. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांशी मी इतकं सरळ खोटं कधी बोललो नव्हतो. लोकांना म्हणालो, हद्द तासाभरानं दाखवतो, चला देवळात.

देऊळ जवळच. दत्तानं आणि दोघांनी बाज उचलून नेली. दत्ता माझ्याशी बोलत नव्हता. गयाबाई मागून आल्या आणि पायरीखाली उभ्या राहिल्या. बाबा बाजेवरून बोलायला तयार होईनात. "बसवा मला खाली." दत्तानं बगलेत हात घालून बसवलं. पटका सरळ केला. पुजाऱ्यानं ताट पुढं केलं. बाबांनी बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेतला. आता हात कापत होता, भंडारा धोतरावर सांडत होता.

"पन्नास सालामागं हितंच मी हे उचललं," बाबा म्हणाले. आवाज लहान होता, म्हणून सगळे पुढं सरकले. "म्हणलो, दगड मी हालवला न्हाई. मी हालवला होता. बाजाराच्या दिशी, पहारीनं. रामभाऊ खरा बोलला. खोटा मी होतो. तुम्ही त्याला दगड्या म्हणलात. माझ्यासमोर म्हणायचे, मी ऐकायचो. एकदा बी म्हणलो न्हाई की अरे, हे नाव त्याचं न्हाई. ते नाव माझं हाय. त्याला मोकळं करा आन माझं मला द्या."

पान आणि भंडारा त्यांनी देवापुढं परत ठेवला. माझ्या शेजारी पारावरचा दुकानदार उभा होता, तो डोळे पुसत होता. दत्ता खांबाला धरून जमिनीकडं बघत होता.

बाबांनी मला मान हलवून खूण केली. मी मोजणीचा निकाल सांगितला. दगड आत्ता आहे तिथंच हद्द आहे. आधीचा दगड दुष्काळी कामात चुकीचा रोवला गेला होता.

एकदम कुजबुज उठली. सगळ्यांनी पायरीखाली बघितलं. गयाबाई माझ्याकडं बघत होत्या.

"म्हंजी दगड हाय तिथंच राह्यणार?"

"हो, मावशी."

"बाभूळ त्यांच्याच शेतातली होती?"

"कागदाप्रमाणं, हो."

गयाबाई चपला काढून पायऱ्या चढून आल्या आणि बाबांच्या समोर बसल्या. पन्नास वर्षांत त्या माणसाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "अवो, मंग शेंगा तुमच्याच होत्या की. उगाच चोरल्या."

बाबा हसले. गयाबाईही हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. बाबा म्हणाले, "रामभाऊ असता तर लई शिव्या दिल्या असत्या त्यानं." त्या म्हणाल्या, "दिल्या असत्या. आन मंग जेवायला बसवलं असतं." मी ज्या गोष्टीसाठी आलो होतो ती तिथं कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती. दहा मिनिटांनी मीच आठवण करून दिली की सह्या घ्यायच्या आहेत.

जबाब लिहायचा असतो. अर्जदार काय म्हणतो ते कागदावर घ्यायचं. बाबांनी शब्द न शब्द लिहायला लावला: दगड मी हालवला, रामभाऊ खरा होता. खाली अंगठा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो जबाब वाचला. "काका, हे रेकॉर्डला लावायचं? याचा मोजणीशी काय संबंध?"

"माझ्या दृष्टीनं नाही, साहेब. अर्जदाराच्या दृष्टीनं तेवढाच आहे."

साहेबांनी परत एकदा वाचला आणि सही केली.

"आणि काल सिग्नल होता, साहेब," मी म्हणालो. बोलून टाकलं.

"माहितेय. शहागडला पण होता. काही विशेष?"

"त्यातच लिहिलंय."

मोजणीनंतर नकाशाची एक प्रत अर्जदाराला मिळते. ती तयार व्हायला मे संपत आला. मधल्या काळात बाबा गेल्याचं कळलं होतं. आंब्याचा सीझन त्यांनी बघितला, पाडाचा पहिला आंबा खाल्ला म्हणे. प्रत पोस्टानं पाठवता आली असती. मी घेऊन गेलो. एक दत्ताला द्यायची आणि एक, नियमात बसत नसली तरी, गयाबाईंना दाखवायची.

गावात शिरलो आणि गल्ली चुकलो. पारावर नवीन पोरं बसली होती. मला आधी गयाबाईंकडं जायचं होतं. मागच्या वेळी दुकानात ऐकलेलं नाव तोंडातून निघून गेलं, "दगड्याचं घर कुठं रे?"

एक जण उठून उभा राहिला. "दगड्याबाबांचं ना? हे काय सरळ, लिंबाचं झाड दिसतंय तिथं. पण बाबा गेले, साहेब. दत्ताभाऊ असतील."

मी थांबलो. "मग रामभाऊचं?"

"रामभाऊचं मागल्या गल्लीत. शेवटचं."

दत्ता अंगणातच भेटला. लिंबाखालची बाज उभी करून भिंतीला लावलेली होती. मी प्रत दिली. सही करताना तो म्हणाला, "पोरीचं जमलं, साहेब. पाव्हण्यांनी देवळातलं ऐकलं होतं सगळं. त्यांचा म्हातारा म्हणला, ह्या घरातली पोरगी डोळे झाकून करा."

"आणि हे नाव? पोरं दगड्याबाबा म्हणतात."

"मला बी दगड्याचा दत्ता म्हणून राह्यलेत."

"राग नाही येत?"

"येतो की. पण बापूनं भर देवळात मागून घेतलंय. परत कसं करावं?"

डिसेंबरात मी रिटायर झालो. नवीन पोरं मशीन शिकायला माझ्याकडं येतात, तेव्हा मी त्यांना रोव्हर शिकवतो, टिपण वाचायला शिकवतो आणि एवढंच सांगतो: दगड कुठं आहे ते आपण सांगायचं. तो तिथं कसा आला हे विचारायचं आपलं काम नाही. पण कुणी आपणहून सांगायला लागला, तर मशीन बंद करा आणि ऐका. सिग्नल नव्हता म्हणून साहेबाला सांगता येतं.